वर्ध्याचा गडी क्रांती करायला बाहेर पडला आणि मेक्सिकोत मक्याचा मास्तर झाला

धाराशिवात आयटीआय करणाऱ्या पोराला आज परदेशात जायचं असेल तर निदान चौकशी करायला जागा तरी आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यासाठी जर्मन भाषा शिकवायचीही योजना आली. पण घरात एकच प्रश्न असतो. तिकडे जाऊन नेमकं शिकायचं काय, आणि त्यावर आयुष्यभर पोट भरेल का?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न वर्ध्याच्या एका पोरापुढे होता. त्याच्याकडे करार नव्हता, एजंट नव्हता आणि मागे इंग्रज सरकार लागलेलं होतं.

त्याचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

१८८० च्या दशकात वर्ध्यात जन्म. शिक्षण वर्धा आणि नागपुरात. डोक्यात एकच खूळ, इंग्रजांशी लढायचं. लोकमान्य टिळकांनी त्यांना बाहेरदेशी जाऊन लष्करी शिक्षण घ्यायचा सल्ला दिला आणि विशीतला हा गडी बोटीत बसला. आधी जपान, मग तिथून अमेरिका.

कॅलिफोर्नियात त्यांनी माउंट तमालपाईस लष्करी अकादमीत शिक्षण घेतलं. ज्यासाठी घर सोडलं होतं ते मिळालं. इथंच थांबले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. पण त्यांनी जोडीला दुसरी वाट धरली, ती शेतीची. बर्कलीत शिकले, ओरेगॉनच्या शेती कॉलेजात शिकले आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून शेतीतच पुढची पदवी घेतली. घरून मनीऑर्डर येण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे पडेल ते काम करून हे शिक्षण झालं.

त्याच काळात ओरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांना ते संघटित करत होते. १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला, त्याच्या संस्थापकांमध्ये लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्यासोबत हा वर्धेकरही होता.

पुढं पहिलं महायुद्ध पेटलं. खानखोजे वेष आणि नाव बदलून तुर्कस्तानमार्गे इराणात पोचले, तिथं इंग्रजांच्या फौजेशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. युद्ध संपलं तेव्हा हाती काहीच नव्हतं. बर्लिनला गेले, मॉस्कोला जाऊन आले. भारतात परतावं तर इंग्रजांची काळी यादी आडवी. वय चाळिशीकडे झुकलेलं, घर नाही, संसार नाही आणि जायला देशही नाही.

अशा वेळी लष्करी अकादमीचा कागद कुणाला दाखवणार? कामाला आली ती शेतीची पदवी.

मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांकडून जमिनी काढून शेतकऱ्यांना द्यायचं काम चालू होतं. पण नुसती जमीन देऊन भागत नाही, ती कसायचं शास्त्र शिकवणारी माणसं लागतात. कॅलिफोर्नियातल्या जुन्या मेक्सिकन मित्रांची ओळख कामी आली आणि १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय शेती विद्यालयात ते प्राध्यापक झाले. शिकवायचं स्पॅनिशमध्ये. म्हणजे आज जर्मनीला निघालेल्या पोरांसारखीच परीक्षा, आधी भाषा आणि मग काम.

मका, गहू, कडधान्यं यांवर त्यांनी संशोधन केलं. थंडीत न करपणारी, कमी पावसात तग धरणारी वाणं हा त्यांचा विषय. पावसाकडं डोळे लावून बसणाऱ्या भूम-परंड्याच्या शेतकऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. आपल्याकडं ज्यांचं नाव घेतलं जातं ते नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत आले १९४४ साली, खानखोजे गेल्यावर वीस वर्षांनी.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र प्रयोगशाळेबाहेरचं होतं. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. या कामात चित्रकार दिएगो रिवेरा यांची साथ होती. टीना मोदोत्ती या नावाजलेल्या छायाचित्रकाराने खानखोज्यांचे आणि त्यांच्या मक्याच्या कणसांचे फोटो काढले. मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रिवेराने रंगवलेलं एक भित्तिचित्र आहे. त्यात भाकर मोडणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे, असं सांगितलं जातं.

१९३६ साली पन्नाशी गाठल्यावर त्यांनी लग्न केलं. बायको जीन बेल्जियमची, संसार मेक्सिकोत आणि लेकींची नावं सावित्री आणि माया!

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली शेती सुधारणेच्या कामासाठी त्यांना भारतात बोलावणं आलं. तर गंमत बघा, इंग्रज गेले पण त्यांची काळी यादी तशीच फायलीत होती. ज्या देशासाठी चार दशकं बाहेर काढली, तिथं शिरतानाच नाव अडलं. सुटका झाली, पण ते परत मेक्सिकोला गेले. कायमचे आले ते १९५० च्या दशकात, नागपूरला. तिथंच २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचं निधन झालं.

२०२२ साली लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. पुतळा उभा राहिला तो चापिंगोच्या शेती विद्यापीठात, जिथं ते मका शिकवायचे.