नेटी स्टीव्हन्स आणि पिठातली अळी

मुलगा की मुलगी, हे कशाने ठरते? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक शास्त्रज्ञ आहार आणि तापमान यांच्याकडे बोट दाखवत. ॲरिस्टॉटलनेही उष्णतेचाच हवाला दिला होता. हा समज मोडून काढण्यात मोठा वाटा होता एका माजी शाळाशिक्षिकेचा.

नेटी स्टीव्हन्स यांचा जन्म १८६१ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, एका सुताराच्या घरी झाला. शिक्षिका, ग्रंथपाल अशा नोकऱ्या करत त्यांनी पैसे साठवले आणि १८९६ मध्ये, पस्तिशीत, स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. या वयात शिकायला निघालेल्या बाईला आजही लोक वेड्यात काढतील! १९०३ मध्ये ब्रिन मॉर कॉलेजातून त्या डॉक्टरेट झाल्या.

पिठात होणाऱ्या मीलवर्म या किड्याच्या पेशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी छोटे. म्हणजे नराचे शुक्राणू दोन प्रकारचे. मोठ्या गुणसूत्राचा शुक्राणू बीजांडाशी मिळाला की मादी, छोट्याचा मिळाला की नर. हे छोटे गुणसूत्र म्हणजेच आजचे ‘वाय’. वर्ष होते १९०५. माणसातही हाच हिशेब आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांत तो अजून पोचलेला नाही, एवढेच.

त्याच वर्षी एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले. ते नामवंत असल्याने श्रेय बराच काळ त्यांच्याकडेच गेले. खरे तर परिस्थितीचाही परिणाम होत असेल, अशी पळवाट विल्सन यांनी ठेवली होती. स्टीव्हन्स अधिक ठाम होत्या. त्यांचे शिक्षक थॉमस मॉर्गन यांना तर हे पटायलाच काही वर्षे लागली. गुणसूत्रांवरील कामासाठी १९३३ चे नोबेल मात्र मॉर्गन यांना मिळाले.

तोवर स्टीव्हन्स हयात नव्हत्या. ब्रिन मॉरने त्यांच्यासाठी खास संशोधन-प्राध्यापकपद निर्माण केले होते, पण ते स्वीकारण्याआधीच, ४ मे १९१२ रोजी, स्तनाच्या कर्करोगाने त्या गेल्या. वय अवघे ५०.

माशांच्या बाबतीत मात्र जुनी मंडळी अगदीच चुकीची नव्हती. अटलांटिक किनाऱ्यावरील सिल्व्हरसाइड माशाची पिल्ले थंड पाण्यात वाढली तर माद्या जास्त होतात आणि उबदार पाण्यात नर, हे १९८१ मध्ये दिसून आले. हंगामाच्या सुरुवातीला, पाणी थंड असताना जन्मलेल्या पिल्लांना वाढायला वेळ मिळतो, आणि मादी जितकी मोठी तितकी अंडी अधिक. आपल्याकडे चिलापी म्हणून विकल्या जाणाऱ्या तिलापियात तर दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. त्याच्यात एक्स-वाय गुणसूत्रे आहेत. पण कोवळ्या पिल्लांना ३५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवले, तर स्त्री-संप्रेरक बनवणारे अरोमाटेज हे विकर मंदावते आणि दोन एक्स असलेली पिल्लेही नर होऊ शकतात.