गाडगेबाबांचा झाडू आणि आपली वस्ती

विहाराच्या स्मरणिकेत तथागत, बाबासाहेब, जोतिबा, शाहू महाराज यांच्यावरचे लेख असतातच, आणि ते असायलाच पाहिजेत. यंदा आम्ही गाडगेबाबांवर लिहायचे ठरवले. ते बौद्ध नव्हते. कीर्तनकार होते, मुखी गोपाळाचे नाव होते. मग विहाराच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आपल्या न्हावा शेवा भागात खाडीच्या तिवरांत भरतीबरोबर येऊन जो कचरा अडकून बसतो, त्याचे मूळ कशात आहे हे या माणसाने शाळेचे तोंड न पाहता ओळखले होते. घाण ही अज्ञानाने होत नाही, रिवाजाने होते. कचरा वाईट हे कोणाला ठाऊक नाही? लहान पोराला विचारा, ते पण सांगेल. पण चार माणसे जिथे टाकतात तिथे पाचवा टाकतो, आणि चार माणसे जिथे उचलतात तिथे पाचव्याला टाकायची लाज वाटते. गाडगेबाबांनी आयुष्यभर ही लाज जागी करण्याचे काम केले.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. जात परीट, म्हणजे दुसऱ्यांचे मळके कपडे धुणारे घराणे. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन भावाकडे दापुऱ्याला आली. डेबूजी गुरे राखायला लागले, मग नांगर धरला. मामाचे शेत पुढे सावकाराच्या कागदात गेले. अक्षर येत नाही त्या माणसाला कागद कसा गिळतो, हे त्यांनी घरातच पाहिले. पुढे प्रत्येक कीर्तनात पोरांना शिकवा म्हणून ते का ओरडत, याचे कारण इथे आहे.

त्यांच्या तरुणपणातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मुलीच्या बारशाला जातवाल्यांना मटण आणि दारू द्यायची, हा त्या वेळचा रिवाज. नाही दिली तर नाक कापले गेले असे समजत. डेबूजींनी गोडाचे साधे जेवण घातले. जातवाले चिडले, पण बारसे झाले आणि आभाळ काही कोसळले नाही. आता बघा, असल्या पंगतीसाठी काढलेल्या कर्जाचा जाच तर सगळ्यांनाच होता. पण प्रत्येकाला वाटायचे की बाकीच्यांना हेच हवे आहे, मी एकटा कसा बदलू? रिवाज असाच टिकतो. मनातून कोणाला नको असतो, तरी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून पाळतो. एकाने उघडपणे मोडला की मग कळते, आपल्यासारखेच पुष्कळ होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या शिवून केलेला कपडा, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, डोक्यावर फुटक्या गाडग्याची खापरी. त्याच खापरीत खायचे, तीच डोक्यावर घालायची. त्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले. आणि हातात झाडू.

त्यांची कामाची रीत नीट समजून घ्यावी. गावात शिरले की पाटलाला विचारणे नाही, सभा बोलावणे नाही. थेट रस्ता झाडायला सुरुवात. गटार तुंबलेले असेल तर ते उपसायचे. आधी पोरे जमायची, हसायची. मग एखादा झाडू घेऊन यायचा. दुपारपर्यंत मोठी माणसे लाजेकाजेने हात लावायची. भाकरी ते काम केल्यावरच मागत. कोणी उपकार मानायला लागला की, गाव तुमचे आहे, याची जाणीव ते करून देत. पायाला हात लावू देत नसत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. कीर्तनात एकटे बोलत नसत, लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवाला बकरे कापू नका, शिवाशीव पाळू नका. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत माणूस हो म्हणाला की दुसऱ्या दिवशी त्याला तोंड फिरवणे अवघड जाते. नुसत्या उपदेशाने हे होत नाही.

परंतु या झाडूचा खरा अर्थ आपल्या समाजाला जेवढा कळेल तेवढा दुसऱ्या कोणाला कळणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात झाडू कोणी दिला होता? जातीने दिला होता. गावचा रस्ता झाडणे, चावडी झाडणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे महाराच्या माथी जन्माने मारलेली होती. म्हणजे गावाने घाण करायची आणि एका वाड्याने ती काढायची. टाकणारा शुद्ध आणि उचलणारा अशुद्ध, हा उलटा न्याय. ज्या देशात घाण काढणे हे हलक्या जातीचे काम ठरले, तिथे बाकीच्यांना टाकताना विचार करण्याची गरजच उरली नाही. आम्हाला वाटते, भारतातल्या घाणीची मुळे इथे आहेत.

बाबासाहेबांनी याच मुळावर घाव घातला, आणि तो आपल्याच जिल्ह्यात, महाडला. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद झाली आणि चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी प्यायले. जनावरे पीत होती, पण माणसाने प्यायल्यावर सनातन्यांनी शेणमूत कालवून तळे शुद्ध करून घेतले! स्वच्छता आणि शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कशाने होणार? त्याच परिषदेत मेलेली ढोरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, असे सांगितले गेले. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आणले. म्हणजे एकीकडे बाबासाहेब आपल्या लोकांना सांगत होते की जन्माने लादलेले काम टाकून द्या. दुसरीकडे गाडगेबाबा सगळ्या गावाला दाखवत होते की आपली घाण आपण काढा. वरवर पाहता या दोन गोष्टी उलट वाटतात. पण नीट विचार केला तर एकाच कामाच्या त्या दोन बाजू आहेत. पहिला खाली ठेवतो म्हणाला तर दुसऱ्याने उचललाच पाहिजे, नाहीतर जुना न्याय परत येतो.

गाडगेबाबांनी पंढरपूरच्या वारीत चंद्रभागेचे वाळवंट झाडले. लाखो लोक पुण्य कमवायला येत आणि मागे घाण टाकून जात, ती हा माणूस उपसत असे. तिथल्या चोखामेळा धर्मशाळेसाठी त्यांनी पैसा उभा केला, कारण अस्पृश्य वारकऱ्याला गावात थारा नव्हता. ऋणमोचनला पूर्णा नदीवर लोकांच्या हातून घाट बांधून घेतला. नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या, मुंबईत दवाखान्यात येणाऱ्या गरिबांसाठी झाल्या. लाखो रुपये हातून गेले, पण स्वतःसाठी मठ बांधला नाही, शिष्य केला नाही. पुढे चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी प्राण सोडला. एकाच महिन्यात दोन आधार गेले.

पुढे २०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले. गावागावांत स्पर्धा लागली, शेजारचे गाव झाडते मग आम्ही का मागे, अशी ईर्षा आली. पुष्कळ गावे खरोखर बदलली. पण जिथे तपासणीपुरतेच काम झाले तिथे तपासणी पथकाची जीप गेली की झाडू कोपऱ्यात गेला. बक्षिसाने सुरुवात होते. टिकते ते फक्त अंगवळणी पडलेले.

आता आपल्याकडे येऊ. २६ मे १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झाले. खाजणे बुजली, कंटेनरचे ढीग लागले, ट्रेलरच्या रांगा आल्या. खाडीचे जे नुकसान मोठ्यांनी केले त्याचा जाब त्यांना विचारलाच पाहिजे, त्यात आम्ही मागे हटणार नाही. पण जाब विचारणाऱ्याचे अंगण कसे आहे? १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर पाण्याच्या पिशव्या आणि प्लास्टिकचे पेले कोणाचे असतात? राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर २०१८ सालीच बंदी आली. तरी वस्तीतला कचरा नाल्यात, नाला खाडीत, खाडी तिवरांत. आणि तिवरे गुदमरली की चिंबोरी, कोळंबी, निवटी कुठे वाढणार? कोळ्याच्या जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या येतात त्या आकाशातून पडत नाहीत.

आमचे काही तरुण म्हणतात, आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ झाडले, आता आम्ही कशाला झाडू हातात घ्यायचा? त्यांचा राग खरा आहे. दुसऱ्याची गल्ली जातीच्या नावाने कोणी झाडायला सांगितली तर नाहीच झाडायची. पण आपण टाकलेले आपण न उचलता सफाई कामगाराची वाट बघत बसलो, तर आपण कोणाच्या जागी जाऊन बसलो? तो कामगार बहुतेक वेळा आपल्याच दलित समाजातला असतो. गटारात माणूस उतरवू नये म्हणून २०१३ साली कायदा झाला, तरी गटारात माणसे गुदमरून मरतात. आपण नाल्यात ढकललेली पिशवी उपसायला कोणीतरी उतरतो, एवढे लक्षात ठेवावे.

तथागतांनी भिक्खूंना हिरव्या रोपावर आणि पाण्यात घाण करू नका, थुंकू नका, असा नियम घालून दिला होता. राजगृहाचा झाडूवाला सुनीत याला त्यांनी संघात घेतले आणि संघातल्या सर्वांच्या बरोबरीला बसवले. दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. घाण करू नये, आणि घाण काढणाऱ्याला कमी लेखू नये.

म्हणून आमचे विहाराच्या कार्यकारिणीला आणि सर्व कुटुंबांना सांगणे आहे. जयंतीनंतरची सफाई रात्री गुपचूप नको, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत व्हावी. पहिला झाडू अध्यक्षांनी आणि कार्यकारिणीच्या पुरुषांनी घ्यावा. आजवर विहारातही झाडू महिला मंडळाच्याच हाती राहिला, हाही एक रिवाजच आहे, तो मोडावा. भोजनदानाला थर्माकोलच्या पत्रावळ्या नकोत. विहाराने स्टीलची ताटे-पेले घ्यावीत, लग्नाकार्याला घरोघर द्यावीत, ज्याने वापरली त्याने धुऊन परत आणावीत. प्लास्टिक जाळू नये, तिवरांत कचरा टाकू नये. दोन वर्षे हे न चुकता झाले तर तिसऱ्या वर्षी सांगावे लागणार नाही, पोरेच मोठ्यांना हटकतील.

गाडगेबाबांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. हार सुकल्यावर तो कोण उचलतो, तिथे आपली परीक्षा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!