खंजिरी ते ग्रामगीता

चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरजवळ असलेले गोंदेडा हे गाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तपोभूमी म्हणून ओळखले जाते. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या माणिक इंगळे या मुलाची शाळा लवकरच सुटली. वरखेडच्या आडकुजी महाराजांना त्याने गुरू मानले. पुढे रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि गोंदेड्याच्या रानात भटकून तो परतला तेव्हा हाती खंजिरी होती.

या खंजिरीने विदर्भ जागा केला. मराठी आणि हिंदीतील ही भजने सोप्या चालीची आणि ठसक्याची होती. एकदा ऐकली की गुराख्याच्याही तोंडी बसत. १९३६ मध्ये महाराज सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिले, आणि भजनांत देशभक्तीचा सूर अधिक ठळक झाला. १९४२ च्या चातुर्मासात त्यांचा मुक्काम चिमूरला होता. १६ ऑगस्ट रोजी, ऐन नागपंचमीला, तेथे गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले, तर खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. पाठोपाठ गावावर लष्करी दडपशाही झाली. या भडक्यामागे भजनेच आहेत, असा सरकारचा संशय होता. महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

१९५५ मध्ये आलेली ग्रामगीता या भजनांची पुढची पायरी मानली जाते. तिचा बाज मात्र निराळा आहे. भजन जमावाला उभे करी. ४१ अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ गावाला बसवून विचार करायला लावतो. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, ग्रामरक्षण, महिलोन्नती असे त्याचे विषय. काही ठिकाणी ओवी उपदेशाने जड होते, खंजिरीचा झपाटा तिथे जाणवत नाही, हे मान्य करायला हवे. पण हुतात्म्यांच्या गावाला स्वातंत्र्यानंतरही विहीर, शाळा आणि दवाखाना लागतोच. भजनात या तपशिलाला जागा नव्हती. ती ग्रामगीतेने दिली.

चिमूर, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली या झाडीपट्टीत गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत दोन्ही एकत्र नांदतात. आधी खंजिरी वाजते, मग ग्रामगीतेचे वाचन होते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निधन झाले. त्यांची समाधी गुरुकुंज मोझरी येथे आहे. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.