कै. रमाबाई रानडे आणि शुश्रूषेचे शिक्षण

माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. पण ज्यांच्याविषयी मी लिहिते आहे, त्या रमाबाई सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.

त्यांचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावचा. १८७३ साली अकराव्या वर्षी माधवराव रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माधवरावांनी त्यांना शिकवायला घेतले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचेना. टोमणे सोसून रमाबाई मराठी शिकल्या, पुढे इंग्रजीही शिकल्या.

१९०१ साली माधवराव वारले. रमाबाई पुण्यास येऊन राहिल्या. तुरुंगातील स्त्रियांना आणि रुग्णालयातील आजाऱ्यांना त्या भेटायला जात. १९०९ साली भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुणे सेवासदन काढले.

१९११ साली ससून रुग्णालयाच्या सहकार्याने सेवासदनाने शुश्रूषेचे शिक्षण सुरू केले. त्या काळी परक्या रोग्याला हात लावणे, रात्रपाळीला घराबाहेर राहणे हे कुलीन बाईला शोभत नाही, असे लोक मानीत. विटाळ आणि सोवळेओवळे होतेच. मग मुलगी किंवा विधवा सून कोण पाठवणार?

रमाबाईंनी यातून वाट काढली. नुसते पुस्तक वाचून परिचारिका होत नाही, त्याला रोग्याची खाट हवी. ती रुग्णालयात होती. पण एकट्या बाईला निर्धास्त राहायला जागा, लिहिण्यावाचण्याची तयारी आणि पाठीशी वडीलधारे माणूसही हवे. ते सेवासदनाने दिले. रमाबाईंसारखी बाई जबाबदार आहे म्हटल्यावर घरच्यांनाही धीर आला. दोन संस्थांनी असा भार वाटून घेतला, म्हणून कित्येक विधवा स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. पुढे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही रमाबाई झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले.

आज आपण आजारी पडलो की परिचारिकेची वाट पाहतो, पण आपल्याच मुलीने तो अभ्यासक्रम घ्यायचा म्हटला की कपाळाला आठ्या पडतात. रात्रपाळी, मग लग्न कसे जमेल, हे बोलणे मी आपल्याच आळीत ऐकले आहे. माझे मागणे एवढेच की, अशी मुलगी दिसली तर मंडळाने तिच्या आईवडिलांना जाऊन भेटावे, तिच्या राहण्याची व फीची चौकशी करून द्यावी. रमाबाईंनी वाडा उघडला. आपण निदान चार पावले चालूया.