डिग्री नव्हती, तरी डोक्यात डोकावला

रोह्याहून कोलाडला बाइकने ये-जा करणाऱ्या आपल्या ग्रुपमध्ये एखादा तरी स्लिप होऊन पडलेला असतोच. डोक्याला टेंगूळ, बाकी ठीक. पण उलटी झाली किंवा थोडा वेळ शुद्ध हरपली होती असं कळलं, की डॉक्टर सीटी स्कॅन करायला सांगतात आणि घरच्यांचे चेहरे उतरतात. कवटीच्या आत रक्त साचतंय का, हे बाहेरून कळत नाही. स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं आणि काही मिनिटांत उलगडा होतो. हे ज्याच्यामुळे शक्य झालं, तो डॉक्टर नव्हताच. युनिव्हर्सिटीची डिग्रीही त्याच्याकडे नव्हती.

गॉडफ्रे हाउन्सफील्डचा जन्म २८ ऑगस्ट १९१९चा, इंग्लंडमधल्या न्यूअर्कचा. पाच भावंडांत धाकटा, वडिलांची शेती. शेतावर याचे उद्योग भारी होते. स्वतः बनवलेलं ग्लायडर घेऊन गवताच्या गंजीवरून उडी मार, डांबराचं पिंप पाणी आणि ॲसिटिलीन वापरून हवेत उडव! शाळेत मात्र फिजिक्स आणि गणित सोडलं तर उजेडच. महायुद्धात हवाई दलात तो रडार शिकला, पुढे शिकवूही लागला. मग लंडनच्या फॅरेडे हाउसचा डिप्लोमा आणि १९५१मध्ये ईएमआय कंपनीत नोकरी. हो, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी तीच. त्यांच्या पैशांवरच स्कॅनर झाला असं सांगतात, पण ते अर्धंच खरं. ब्रिटनच्या आरोग्य खात्यानेही त्यात पैसे घातले होते.

१९६७मध्ये त्याच्या डोक्यात एक प्रश्न आला. बंद खोक्यावर सगळ्या बाजूंनी किरण सोडले, तर ते न उघडता आतलं सगळं कळेल का? साधा एक्स-रे म्हणजे सावली. पुढचं-मागचं एकावर एक पडतं आणि मऊ मेंदू तर जवळपास दिसतच नाही. मेंदूतली गाठ शोधायला तेव्हा पाठीच्या कण्यातलं पाणी काढून हवा भरायचे. पेशंटचे हाल व्हायचे.

हाउन्सफील्डची आयडिया सुडोकूच्या जवळची. चार घरांच्या चौकोनात चार आकडे लपवा. आडव्या, उभ्या, तिरक्या ओळींच्या फक्त बेरजा सांगा. आकडे शोधता येतात. एका रेषेत किती किरण अडले ही झाली बेरीज. हजारो बेरजा घ्यायच्या आणि कोडं कॉम्प्युटरला सोडवायला द्यायचं.

पहिल्या प्रयोगात एका चित्रासाठी २८,००० मोजमापं घ्यावी लागली. त्याला ९ दिवस लागले, वर कॉम्प्युटरचे अडीच तास. नंतर एक्स-रे ट्यूब वापरून ते काम ९ तासांवर आलं. खाटकाकडून आणलेले जनावरांचे मेंदू स्कॅन करून झाले. पण जिवंत माणूस?

१ ऑक्टोबर १९७१. लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये, डॉ. जेम्स ॲम्ब्रोज यांच्याकडे, मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली एक बाई स्कॅनरखाली झोपली. चित्रात मेंदूच्या पुढच्या भागात गडद गोल डाग दिसला. ऑपरेशन केलं तेव्हा गाठ तिथेच होती. कवटी न उघडता ती आधीच दिसली होती.

१९७९चं मेडिसिनचं नोबेल त्याला ॲलन कॉर्मॅकसोबत मिळालं. कॉर्मॅकने हेच गणित १९६३-६४मध्ये छापलं होतं, पण कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. तोही डॉक्टर नव्हता, फिजिक्सवाला. दोघांनी एकमेकांच्या कामाची कल्पना नसताना वेगवेगळं काम केलं होतं. आपल्याकडे बंगळुरूत जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१मध्ये चित्र जुळवण्याची जी सोपी रीत मांडली, तीही पुढे स्कॅनरच्या फार कामी आली. हे आपल्या पुस्तकांत का नसतं, कोण जाणे.

आज पॅरालिसिसचा झटका आलेल्या पेशंटची गुठळी विरघळवायचं औषध देण्याआधी सीटी करतात. कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेऊ शकतं. मात्र यात साध्या एक्स-रेपेक्षा बरंच जास्त रेडिएशन असतं. परीक्षेच्या टेन्शनने डोकं दुखलं म्हणून स्कॅनचा हट्ट धरू नका.

स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्याचा आकडा ‘एचयू’मध्ये मोजतात. पाणी शून्य, हवा उणे १०००. त्यातला एच म्हणजे हाउन्सफील्ड. त्याने लग्न केलं नाही. नोबेलच्या पैशांतून घरातच लॅब थाटली. १२ ऑगस्ट २००४ला तो गेला, तेव्हा आपल्यातले बरेच जण पाळण्यात होते, किंवा जन्मालाही आले नव्हते.