हिवरगावच्या पवळाबाई आणि समोरचा प्रेक्षक

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावी १८७० साली एका महार कुटुंबात पवळाबाई तबाजी भालेराव यांचा जन्म झाला. तमाशात स्त्रीची कामे नाच्या पोऱ्या करीत असे, त्या काळात त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. तमाशातील आद्य स्त्री-कलावंत म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे शाहीर पठ्ठे बापूराव, यांच्यासोबत त्यांनी मुंबईपर्यंत नाव कमावले. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांसमोरही ‘मिठाराणी’चा वग या जोडीने सादर केला.

तमाशाचा प्रेक्षक नाटकातल्याप्रमाणे अंधारात गप्प बसत नाही. गण-गवळण आटोपून लावणी सुरू झाली की तो शिट्टीने, पागोटे उडवून, फर्माईश करून खेळात शिरतो. दौलतजादा करणाऱ्याचे नाव भर बैठकीत पुकारले जाते. रुपया देणारा तोच मुखडा पुन्हा मागतो, सोंगाड्या त्यावर कोटी करतो. लावणी किती रंगवायची, हे निम्मे समोरची माणसेच ठरवितात. पवळाबाईंचे नाव या माणसांनीच मोठे केले. परंतु दिवसा जिचा स्पर्श विटाळ, तिच्यावर रात्री रुपये उधळणारेही तेच होते. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी हे दृश्य पाहण्यासाठीच कित्येक जण तिकीट काढीत.

महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देण्याची तयारी घेऊन बापूराव १९२७ साली पवळाबाईंसह बाबासाहेबांकडे गेले. महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला. निधीची निकड असतानाचा हा नकार होता. माझ्या मते तो पवळाबाईंच्या कलेला नव्हता. पैसा टाकून माणूस नाचविण्याच्या प्रेक्षकाच्या अधिकाराला होता.

पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज, बतावणी, सवाल-जबाब ठेवले आणि नाचणारी स्त्री वगळली. समोर बसलेला समाज आता स्वतःच्याच जगण्यावरचे सवाल ऐकू लागला. दौलतजादेला फाटा दिला, हे योग्यच झाले. मात्र पवळाबाईंसारख्या गळ्याला त्या नव्या मंचावर जागा मिळाली नाही, ही उणीव आपणच मान्य केली पाहिजे.

बापूरावांशी त्यांची पुढे ताटातूट झाली. १९३९ साली पवळाबाईंचे निधन झाले. तमाशाच्या इतिहासात बापूरावांना पाने मिळाली, त्यांना ओळी. हिवरगावकरांनी मात्र त्यांचे नाव ‘नामचंद पवळा’ म्हणून जपले आहे.