यान ऊर्ट

चाकणहून नाशिकच्या सडकेनें उत्तरेस गेल्यास नारायणगांवाजवळ खोडदच्या शिवारांत आकाशाकडे तोंड केलेल्या प्रचंड तबकड्या दिसतात. त्या परिसरांत अशा एकंदर ३० आहेत; प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २०२० सालीं त्यांच्या साह्यानें सुमारें आठ अब्ज वर्षांपूर्वींच्या दीर्घिकांतील हायड्रोजन वायूचें मोजमाप झालें. या विद्येचा पाया घालण्यांत ज्यांचा मोठा वांटा, ते डच ज्योतिर्विद यान हेंड्रिक ऊर्ट होत. धूमकेतूंच्या ऊर्ट मेघामुळें त्यांचें नांव विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. पण तें त्यांचें सर्वांत मोठें कार्य नव्हे, असें आमचें मत आहे.

ऊर्ट यांचा जन्म २८ एप्रिल १९०० रोजीं हॉलंडांतील फ्रानेकर येथें झाला. वडील डॉक्टर, आजोबा हिब्रूचे प्राध्यापक व पवित्र शास्त्राच्या एका डच भाषांतराच्या कर्त्यांपैकीं एक. ग्रोनिंगेन येथें शिकून ते लायडनच्या वेधशाळेंत आले. आपली आकाशगंगा फिरते, हें त्यांनीं १९२७ सालीं ताऱ्यांच्या गतींवरून दाखविलें. १९३२ सालीं त्यांनीं सूर्याच्या आसपासचें द्रव्य तोललें, तेव्हां दिसणाऱ्या ताऱ्यांनीं हिशेब पुरा होईना. कांहीं द्रव्य दृष्टीआड राहिलें होतें. त्यांचा तो आंकडा पुढें फार मोठा ठरला, हेंहि सांगितलें पाहिजे.

१९४० मध्यें जर्मनांनीं हॉलंड व्यापिलें व लायडनच्या यहूदी प्राध्यापकांस काढून टाकण्यांत आलें. पुढें ऊर्ट यांनीं पदत्याग केला आणि ते सहकुटुंब हुल्स्होर्स्ट या खेड्यांत जाऊन राहिले. त्या कठीण दिवसांतहि एक प्रश्न त्यांस सोडीना. धुळीच्या ढगांपलीकडील आकाशगंगा कशी पाहावी? रेडिओच्या लहरी धुळीस जुमानीत नाहींत. पण त्यांत ठराविक लांबीची एखादी लहर सांपडली, तरच गति कळणार. हें कोडें त्यांनीं व्हान डे हुल्स्ट या तरुण विद्यार्थ्यास घातलें. एप्रिल १९४४ मध्यें त्यानें उत्तर दिलें: हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडीत असला पाहिजे.

युद्धानंतर जर्मनांनीं मागें टाकलेली रडारची तबकडी कामास लाविली, तों १९५० सालीं आगींत यंत्र जळालें. मार्च १९५१ मध्यें अमेरिकेंत यूएन व पर्सेल यांनीं ती लहर प्रथम टिपली. ऊर्ट व म्युलर यांस ती मे महिन्यांत सांपडली. पहिलेपणाचा मान थोडक्यांत हुकला. पण त्या लहरीचें सोनें ऊर्ट यांनींच केलें.

गोफण जितकी वेगानें फिरवावी, तितकी दोरी घट्ट धरावी लागते. ऊर्ट यांच्या पुढाकारानें वेस्टरबोर्क येथें उभारलेल्या दुर्बिणींनीं १९७० नंतर दाखविलें कीं, दीर्घिकेचे तारे संपले तरी पलीकडे हायड्रोजन पसरलेला असतो व दूर जाऊनहि त्याचा वेग उतरत नाहीं. ही दोरी धरण्याइतकें द्रव्य ताऱ्यांत नाहीं. म्हणून दीर्घिकेभोंवतीं कृष्णद्रव्याचें विशाल प्रभामंडल मानावें लागतें. प्रभामंडल जितकें जड, तितका हायड्रोजन साधारणतः अधिक. परंतु वजन सुमारें एक लक्ष कोटी सूर्यांइतकें झालें कीं ही वाढ मंदावते, कारण तेथें बराचसा वायु तापलेलाच राहतो.

५ नोव्हेंबर १९९२ रोजीं ऊर्ट लायडनजवळ निवर्तले. त्यानंतर २८ वर्षांनीं खोडदला मोजलेली लहर तीच होती. मात्र विश्वाच्या प्रसरणानें वाटेंत ताणली जाऊन ती सुमारें ४२ सेंटिमीटरांची झाली होती.